तबकडीवरचें अक्षर



लग्नाचा शालू, घराचें खरेदीखत आणि मुलांच्या शाळेचे दाखले ज्या कपाटांत ठेवलेले असतात, त्याच कपाटांत आज पुष्कळ घरीं एक वाटोळी, चकचकीत तबकडी सांपडते. तिच्यावर वधूवरांचीं नांवें व मुहूर्ताची तारीख लिहिलेली असते. सन २००० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत ज्यांच्या घरीं मंगलकार्यें झालीं, त्यांतील पुष्कळांना छायाचित्रकारानें अल्बमाबरोबर अशी एखादी डीव्हीडी दिलेली आहे. ती एकदोनदां आप्तेष्टांसमवेत पाहिली गेली आणि मग जपून ठेवण्यांत आली. त्या चित्रांत थरथरत्या हातानें अक्षता टाकणाऱ्या आजीबाई आज हयात नसतात; त्यांचा चालताबोलता ठसा म्हणून जगांत तेवढी एकच वस्तु उरलेली असते. ‘ठेवली आहे ना, मग काळजी नाहीं,’ अशी घरच्या मंडळींची समजूत असते. ती समजूत कितपत खरी आहे हें ठरविण्यापूर्वीं, या तबकडीवर लिहिणें म्हणजे काय, हें पाहिलें पाहिजे.

डीव्हीडीचा व्यास १२० मिलिमीटर व जाडी १.२ मिलिमीटर असते. ही जाडी एकसंध नसते; पॉलिकार्बोनेट नांवाच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या, प्रत्येकी ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींस चिकटवून ती साधलेली असते. बाजारांत विकत मिळणाऱ्या चित्रपटाच्या तबकडींत या प्लॅस्टिकवर कारखान्यांतच साच्यानें सूक्ष्म खळगे उठविलेले असतात आणि त्यांवर ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा असतो. तिला ताम्रपट म्हणण्यास हरकत नाहीं. परंतु स्टुडिओंत किंवा घरीं लिहिली जाणारी कोरी तबकडी निराळ्या जातीची असते. तिच्यांत मध्यापासून कडेकडे वळसे घेत जाणारा एकच अखंड चर असतो. एका मिलिमीटरांत त्याचे साडेतेराशें वळसे मावतात! या चरावर एका सेंद्रिय रंगाचा थर दिलेला असतो व त्याच्यामागें चांदीसारख्या धातूचा आरसा असतो. लेखनयंत्रांतील तांबडा लेसर किरण जेथें जोरानें पडतो, तेथें तो रंग तापून बिघडतो व आरशाची चकाकी त्या ठिकाणीं मंदावते. वाचतांना तोच किरण सौम्य करून फिरविला जातो, आणि कोठें चकाकी आहे व कोठें नाहीं एवढ्यावरून चित्र आणि ध्वनि पुन्हां उभे केले जातात. लोक ‘डीव्हीडी बर्न केली’ असें म्हणतात तें म्हणून अक्षरशः खरें आहे.

तेव्हां आजीबाईंची मूर्ति ताम्रपटावर कोरलेली नसून रंगावर डागलेली आहे. आणि रंग म्हटला कीं त्याला ऊन आहे, उष्मा आहे, दमट हवा आहे. ‘अक्षर’ म्हणजे जें क्षर नाहीं तें, अशी व्युत्पत्ति विद्यार्थ्यांना शिकविली जाते; या तबकडीवरील अक्षराला ती लागू पडत नाहीं.

लिहितांनाच कांहीं पथ्यें पाळलीं, तर पुढचा बराच अनर्थ टळतो. पहिलें पथ्य निवडीचें. १९९७ मध्यें पायोनियर कंपनीनें आणलेली ‘डीव्हीडी-आर’ आणि २००२ मध्यें दुसऱ्या गटानें आणलेली ‘डीव्हीडी+आर’ यांचें भांडण एके काळीं फार गाजलें. परंतु दोन्ही वाचणारीं यंत्रें पुढें सर्रास झाल्यानें आज त्यांत जीव राहिलेला नाहीं. खरा भेद आहे तो एकदांच लिहितां येणाऱ्या आणि पुसून पुन्हां लिहितां येणाऱ्या तबकड्यांत. दुसऱ्या जातीला ‘आरडब्ल्यू’ म्हणतात. तिच्यांत रंगाऐवजीं एक मिश्रधातु असतो व सुमारें हजार वेळां ती पुसून लिहितां येते. ती पाटी आहे. पाटीवर हिशेब करावा, खरेदीखत लिहूं नये.

तबकडीच्या वेष्टनावर ४.७ गिगाबाइट असें छापलेलें असतें आणि संगणक मात्र ४.३८ दाखवितो. येथें दुकानदारानें फसविलें असें समजण्याचें कारण नाहीं. कारखानदार हजाराच्या पटीनें मोजतो व संगणक १०२४ च्या पटीनें, एवढाच तो भेद आहे. तथापि ही सगळी जागा भरण्याचा मोह टाळावा. लेखन आंतून बाहेर होत जातें, आणि दोन चकत्यांची चिकटण उलूं लागली तर ती बहुधा कडेपासून उलते; म्हणून कडेचा भाग कोरा ठेवलेला बरा. वेगाविषयींही तेंच तारतम्य हवें. मूळ वेगानें तबकडी भरावयास जवळजवळ एक तास लागतो. सोळापट वेग वेष्टनावर छापलेला असला, तरी चौपट किंवा आठपट वेगानें केलेलें लेखन सामान्यतः अधिक स्वच्छ उतरतें. लेखन संपल्यावर तबकडी ‘फायनलाइज’ करावी लागते, म्हणजे आतां येथें कांहीं लिहावयाचें नाहीं अशी मोहोर करावी लागते. ती राहिली तर दिवाणखान्यांतील वादनयंत्र अशी तबकडी बहुधा स्वीकारीत नाहीं. आणि लिहिलेलें मुळाशीं ताडून पाहण्याची जी सोय संगणकांत असते, तिचा कंटाळा करणें म्हणजे उत्तरपत्रिका न वाचतां गुण देण्यासारखें आहे.

आतां या तबकडीचा एक गुण सांगितला पाहिजे. तोच तिच्या मालकाला गाफील ठेवतो. श्रुतलेखनांत एखाद्या मुलानें ‘महाराष्ट्र’ या शब्दांतील ‘रा’ गाळला, तरी तपासणाऱ्यास शब्द कळतो, कारण उरलेलीं अक्षरें साक्ष देतात. अर्व्हिंग रीड व गुस्ताव्ह सॉलोमन या दोन अमेरिकन गणितज्ञांनीं १९६० मध्यें अशी साक्ष मुद्दाम निर्माण करण्याची रीति प्रसिद्ध केली, आणि तीच डीव्हीडींत योजिलेली आहे. मजकुराच्या प्रत्येक १७२ बाइटांच्या ओळीस दहा बाइट साक्षीचे जोडलेले असतात. शिवाय १९२ ओळींच्या प्रत्येक ठोकळ्यास सोळा ओळी जादा असतात. ओळींतील पांच बाइट कोठेंही बिघडले, तरी त्या दहांच्या साक्षीनें यंत्र ते आपोआप सुधारून घेतें. बघणाऱ्यास याचा पत्ताही लागत नाहीं.

पत्ता लागत नाहीं, हेंच संकट होय. कागदाचें पान पिवळें पडतें, छायाचित्र फिकट होतें, ध्वनिफीत खरखरूं लागते. तीं आपला म्हातारपणा बोलून दाखवितात. ही तबकडी तसें करीत नाहीं. आंतला रंग वर्षानुवर्षें विटत असतो, चुका वाढत असतात, साक्षीदार त्या झांकीत असतात, आणि चित्र मात्र पहिल्या दिवसासारखें लख्ख दिसतें. मग एके दिवशीं चुका साक्षीदारांच्या आटोक्याबाहेर जातात. चित्रांत चौकोनी ठिगळें दिसूं लागतात, मंगलाष्टकें मध्येंच तुटतात, आणि यंत्र ‘तबकडी नाहीं’ असें सांगून मोकळें होतें. लागोपाठच्या आठ ठोकळ्यांत सदोष ओळींची संख्या २८० च्या वर जाऊं नये, असा दंडक आहे, आणि कांहीं संगणकयंत्रें ती मोजूनही दाखवितात. ज्याच्याजवळ ती सोय आहे, त्यानें वर्षांतून एकदां ती मोजावी. ज्याच्याजवळ नाहीं, त्यानें निदान संपूर्ण तबकडीची नक्कल उतरवून पाहावी. नुसतें सुरुवातीचें गणेशपूजन दिसलें म्हणून पाठवणीही शाबूत असेल, असें नव्हे.

ठेवण्याची रीति सांगावयास फार वेळ लागत नाहीं. २००३ मध्यें अमेरिकेंतील राष्ट्रीय प्रमाण व तंत्रज्ञान संस्थेच्या एका मार्गदर्शिकेंत थंड, कोरडी व अंधारी जागा सुचविलेली आहे: उष्णता चार ते वीस अंश, आर्द्रता वीस ते पन्नास टक्के. रत्नागिरीच्या आषाढांत आणि चंद्रपूरच्या वैशाखांत हें कोणाच्या हातचें नव्हे, हें उघड आहे. पण पत्र्याखालचा माळा, खिडकीचा कट्टा आणि ओल धरणारी भिंत टाळणें तर हातचें आहे. तबकडी कडक डबींत, पुस्तकासारखी उभी ठेवावी. चिकट कागदाचें लेबल लावूं नये. तें एका बाजूनें सुटलें, कीं मिनिटाला हजारों फेरे घेणारी तबकडी डगमगते. नांव लिहावयाचें तर पाण्याच्या शाईच्या मऊ पेनानें, मधल्या पारदर्शक कड्यावर लिहावें. डबींतून काढतांना मधली खुंटी दाबून अलगद उचलावी. ओढून वांकविल्यानें दोन चकत्यांची चिकटण सुटते. धूळ पुसावयाची ती मध्याकडून कडेकडे, सरळ रेषेंत. गोल पुसल्यानें पडणारा ओरखडा चराच्या दिशेनें लांबच लांब जातो व एकाच ठिकाणचे शेंकडों बाइट घेऊन बुडतो. आडवा ओरखडा प्रत्येक वळशांतून थोडें-थोडें नेतो, आणि तेवढें साक्षीदार भरून काढतात.

वेष्टनावर कोठें कोठें शंभर वर्षांचें आयुष्य छापलेलें आढळतें. तें खरें ठरलें, तरी त्या वेळीं तबकडी वाचणार कोण, हा प्रश्न उरतोच. कोऱ्या तबकड्यांच्या उत्पादनांत जगांतील मोठ्या कारखानदारांत गणली जाणारी भारतांतील मोझर बेअर कंपनी १९८३ मध्यें निघाली व २०१८ मध्यें तिच्या विसर्जनाचा हुकूम झाला. उत्तम तबकड्यांबद्दल नांवाजलेल्या जपानच्या तायो युदेन कंपनीनें २०१५ मध्यें हा व्यवसाय सोडला. डीव्हीडीहून नव्या असलेल्या ब्ल्यू-रे जातीच्या कोऱ्या तबकड्यांचें उत्पादन सोनी कंपनीनें फेब्रुवारी २०२५ मध्यें बंद केलें. नव्या मांडीसंगणकांत तर तबकडी घालण्याची फटच बहुधा नसते.

यंत्रें मिळत आहेत तोंवर, यूएसबीनें जोडतां येणारें एक वाचनयंत्र चार नातलगांनीं मिळून घेतलें तरी पुरे. घरांतल्या सगळ्या तबकड्या एका ठिकाणीं मांडून त्यांची वहींत नोंद करावी. नक्कल उतरविल्याची तारीख पुढें टाकावी. एक नक्कल घरच्या हार्ड डिस्कवर व दुसरी परगांवच्या भावाकडे असावी. एखादी तबकडी यंत्रानें नाकारली, तर लगेच निराश होऊं नये. यंत्रायंत्रांत वाचण्याची शक्ति कमीअधिक असते, आणि एकानें नाकारलेली तबकडी दुसरें यंत्र पुष्कळदां वाचतें. मात्र जी एकदां कशीबशी वाचली गेली, तिची नक्कल त्याच बैठकींत उतरवून घ्यावी. आणि जिच्यांत गेलेल्या माणसाचा आवाज आहे, ती तबकडी नोंदवहींतील क्रमाची वाट न पाहतां सर्वांआधीं यंत्रांत घालावी.