फंड काढण्याची सक्ती



‘फंडाला हात लावू नका’ असे आम्ही कामगारांना जन्मभर सांगत आलो. अमेरिकेत नोकरी करून परतलेल्या वडीलधाऱ्यांना मात्र उलट सांगावे लागते : फंड काढा!

तेथे निवृत्तीखात्यात पगारातून करमुक्त रक्कम साठते. सरकार कर लांबवते, सोडत नाही. २०२२ च्या कायद्यानुसार, १९५१ ते १९५९ मध्ये जन्मलेल्यांनी वयाच्या ७३ व्या वर्षापासून दरसाल ठरावीक रक्कम काढलीच पाहिजे. मागल्या ३१ डिसेंबरच्या शिलकीला तक्त्यातल्या भाजकाने भागायचे. ७३ व्या वर्षी तो २६.५, म्हणजे २,६५,००० डॉलरांवर १०,००० डॉलर. चुकल्यास न काढलेल्या रकमेवर २५ टक्के दंड. वेळीच चूक सुधारल्यास १० टक्के. मायदेशी परतल्याने सुटका नाही.

घामाचा पैसा विस्मरणाने जाऊ नये. डिसेंबर उजाडण्यापूर्वी घरच्या वडीलधाऱ्यांना एवढे विचाराच.