माहेर नसलेल्यांचं माहेर

आज एकाच शब्दाबद्दल बोलायचंय. माहेर.

माहेर म्हणजे लग्न झालेल्या मुलीच्या आईवडिलांचं घर, बरोबर? पण वारकरी पंढरपूरला माहेर म्हणतात. मिशीवाला, धिप्पाड शेतकरी गडीसुद्धा म्हणतो. विठ्ठलाला विठाई करायचं आणि आपण सासुरवाशीण व्हायचं! संतांनी केलेली ही उलटापालट मला फार आवडते. माहेरी जायला पात्रता लागत नाही ना. पगार किती, हप्ते किती, कोणी विचारत नाही. (सगळ्याच माहेरी असं नसतं म्हणा. पण ते सोडा.)

माझं सांगते. आई गेली, मग गावचं घर विकलं. पुण्यात सहा वर्षांत हा माझा चौथा फ्लॅट, दर वेळी अकरा महिन्यांचा करार. लग्न झालेलं नाही, म्हणजे माहेर हा शब्द तसाही माझ्या वाट्याला आला नव्हता. आधार कार्डावर पत्ता अजून विकलेल्या घराचाच आहे.

अशात मैत्रिणीच्या आजीसोबत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीत चालले. पुणे ते जेजुरी, एवढंच. भक्ती वगैरे फार नव्हती, सोबत हवी होती. दिवे घाटात पायाचे तुकडे पडले. वर पोचल्यावर एक सत्तरीचे आजोबा समोर आले आणि वाकून माझ्या पाया पडले. मी दचकून मागे सरकले. ते म्हणाले, "माउली, पाय का मागं घेता?" वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, हे ऐकून माहीत होतं. पण आपल्या पायावर म्हातारा हात टेकतो तेव्हा कळतं, की आता आपल्यालाही वाकावं लागणार. मी वाकले. सोपं नव्हतं हो! ऑफिसात दिवसभर ताठ राहायची सवय असते.

दुसरी गोष्ट समाजआरतीची. संध्याकाळी तळावर सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, टाळांचा नुसता कल्लोळ. चोपदार दंड उंचावतात आणि सगळं शांत. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात. आणि एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर ती दिंडी टाळ थांबवतच नाही. वाजवत राहते. मग चोपदार तिथं जाऊन ऐकून घेतात, आणि त्यानंतर आरती. मला हे पाहून भरून आलं. पाहुणा तक्रार करत नाही, मुकाट जेवून निघतो. टाळ वाजवत राहायचा हक्क घरच्यांचाच.

पण एक गोष्ट लपवून चालणार नाही. चोखामेळा याच विठ्ठलाचे भक्त, आणि जातीमुळे त्यांना देवळात प्रवेश नव्हता. त्यांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. बाहेर. मे 1947 मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं, तेव्हा कुठे ते मंदिर दलितांसाठी खुलं झालं. चोखोबा गेले 1338 मध्ये. मधे सहाशेहून जास्त वर्षं! तेव्हा "वारीत सगळे समान" असं रील बघून लगेच लिहू नका. ज्यांना दाराबाहेर ठेवलं, त्यांनी अभंग रचून आपला हक्क सांगितला. चोखोबांनी, सोयराबाईंनी. त्यांचे टाळ थांबले नाहीत, असंच मी म्हणेन.

आता माझं काय चाललंय? माळ घातलेली नाही. एकादशी कधी होते, कधी बिर्याणी होते. पण आमच्या गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात संध्याकाळी हरिपाठ असतो, तिथं जाते. सुरुवातीला पुस्तक धरूनही चाल सापडायची नाही. आता निम्मा पाठ आहे. आईची आठवण आली की पूर्वी फोन घेऊन स्क्रोल करत बसायचे. आता ती आठवण तिथं घेऊन जाते, टाळ वाजवता वाजवता डोळे भरतात, शेजारच्या काकू काही विचारत नाहीत, नुसतं पुस्तकाचं पान उलटून देतात. मात्र दोन दिवस गेले नाही की तिसऱ्या दिवशी हमखास, "काय गं, कुठं होतीस?"

करार नोव्हेंबरात संपतोय. मालक भाडं वाढवणार, हे नक्की. नवीन घर बघायला लागलेय आणि ब्रोकरला एकच अट सांगितलीय: सातच्या हरिपाठाला चालत पोचता आलं पाहिजे. तो म्हणाला, "मॅडम, मेट्रोजवळ बघा ना." बघू.