एक तान्हा तारा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



नवरात्रात रात्री आठच्या सुमारास दक्षिणेकडे पाहिलेत, तर मकर राशीच्या खाली आकाश जवळजवळ रिकामे वाटते. तेथे सूक्ष्मदर्शी नावाचा एक अंधूक तारकासमूह आहे. त्यातील ‘एयू मायक्रोस्कोपी’ हा तारा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. लहानशी दुर्बीण मात्र पुरते.

हा लाल बटुतारा आहे. आपल्या आकाशगंगेतील दर चार ताऱ्यांपैकी सुमारे तीन याच जातीचे असतात. याचे वस्तुमान सूर्याच्या निम्मे, तेज जेमतेम दशांश आणि पृष्ठभागाचे तापमान सुमारे ३,४०० अंश सेल्सियस. सूर्याचे ते साडेपाच हजार आहे. व्यास मात्र सूर्याच्या पाऊणपट! निम्म्या वस्तुमानाला हा व्यास मोठाच म्हटला पाहिजे. त्याचे कारण त्याच्या वयात आहे.

सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे. तो शेचाळीस वर्षांचा गृहस्थ मानला, तर सव्वादोन कोटी वर्षांचा हा तारा तीन महिन्यांचेही नसलेले तान्हे मूल ठरेल. तो स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने अद्याप आक्रसत आहे आणि त्याचा प्रकाश मुख्यतः त्या आक्रसण्यातूनच निघतो. पुढे हायड्रोजनच्या इंधनावर तो सूर्याच्या कितीतरी पट अधिक काळ, मंद पण अखंड, तेवत राहील.

आज मात्र तो शांत नाही. सूर्याला स्वतःभोवती फिरण्यास सुमारे पंचवीस दिवस लागतात, याला पाचांहूनही कमी. या वेगामुळे त्याचे चुंबकीय क्षेत्र प्रबळ झाले आहे. अंगावर मोठाले डाग आहेत आणि वारंवार प्रचंड ज्वाला उसळतात.

त्याच्याभोवती धुळीची चकती असल्याचे २००४ साली छायाचित्रांत दिसले. २०२० साली तेथे साधारण नेपच्यूनएवढा एक ग्रह सापडल्याचे जाहीर झाले. साडेआठ दिवसांत तो ताऱ्याभोवती एक फेरी पुरी करतो. पुढच्याच वर्षी दुसऱ्या ग्रहाचीही खात्री पटली. इतक्या जवळच्या ग्रहांचे वातावरण या ज्वालांपुढे टिकेल काय? हा प्रश्न केवळ एका ताऱ्यापुरता नाही. विश्वात सर्वांत विपुल असलेल्या ताऱ्यांचे बाळपण असेच वादळी असेल, तर त्यांच्या अंगणात जीवसृष्टीला हवा-पाणी उरते की नाही, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

हा तारा सुमारे बत्तीस प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे आज रात्री दुर्बिणीत शिरणारा त्याचा किरण निघाला, तेव्हा आपले मंडळ अठरा वर्षांचे होते. आज तेथून निघणारा किरण येथे पोहोचेल, तेव्हा मंडळाला ब्याऐंशी वर्षे झालेली असतील. समोर सतरंजीवर बसलेल्या बालगोपाळांनी त्या रात्री दुर्बीण लावून त्याचे स्वागत करावे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.