पंप पाणी ओढत नाही



कामगार संघटनेचा माणूस काळाचौकीत व्याख्यानाला उभा राहिला की तो बोनस आणि संप यांवरच बोलणार, अशी आपली समजूत असते. आज आम्ही पंपावर बोलणार आहोत. हे ज्ञान आम्ही कॉलेजात मिळवलेले नाही. त्यावरून एका माणसाची नोकरी जात होती, म्हणून ते मिळवावे लागले.

पंप पाणी ओढतो, असे आपण म्हणतो. ते खरे नव्हे. दट्ट्या मागे सरतो, जागा मोकळी होते आणि बाहेरची हवा पाण्याला त्या जागेत ढकलते. ही हवेची ताकद म्हणजे आपले भांडवल. शिवडीच्या बंदरावर ते पाण्याच्या १०.३ मीटर उंचीइतके भरते. महाबळेश्वरी सुमारे दीड मीटर कमी. ठरावीक उंचीपलीकडे पाणी चढत नाही, ही कारागिराची तक्रार गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात नोंदवली. हवेला वजन असते हे त्याचे कारण टॉरिसेलीने १६४४ मध्ये सांगितले. म्हणजे तक्रार आधी कारागिराची, शास्त्र मागाहून!

सोलापूरच्या हातपंपावरून पुढे १९७० नंतरच्या दशकात ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप तयार झाला. तो घडवणाऱ्यांत आपल्या भायखळ्याची रिचर्डसन अँड क्रुडास होती. खोल विंधणविहिरीवरच्या या पंपाचा दांडा वर, पण दट्ट्या खाली पाण्यात बुडालेला. ओढण्याचा प्रश्नच मिटला.

आता खर्च पाहा. पाणी जितके उंच चढवायचे तितके भांडवल गेले. नळीच्या घर्षणात थोडे गेले, पंपाची झडप उघडण्यात थोडे गेले. पाणी गरम असेल तर वाफ आपला हिस्सा आधीच कापून घेते. ८० अंशांवर ती निम्म्याजवळ घेते. हाती उरतात जेमतेम साडेपाच मीटर. १०० अंशांवर काहीच नाही. दट्ट्याच्या पंपाला आणखी एक खर्च आहे. प्रत्येक फेऱ्यात नळीतले सगळे पाणी थांबवून पुन्हा धावते करावे लागते. नळी दुप्पट लांब, तर हा खर्च दुप्पट. वेग दीडपट, तर खर्च सव्वादोनपट! जमाखर्च तुटीत गेला की नळीतच वाफेचे बुडबुडे होतात, पंपात फुटतात आणि पंप हातोडा मारल्यासारखा ठोकू लागतो.

एका कारखान्यात, नाव घेत नाही, बॉयलरला पाणी देणारा असा पंप होता. मालकांनी गरम पाण्याची टाकी दूर आणि पंपाच्या पातळीखाली नेली, चार कोपरे घालून नळी लांबवली आणि पुली बदलून वेग वाढवला. महिन्याभरात झडपांच्या स्प्रिंगा तुटल्या, दट्ट्याला चरे पडले. चार्जशीट मिळाली पंपवाल्याला: हलगर्जीपणा. एकोणीस वर्षांची नोकरी, दोन मुली शाळेत, आणि माणूस सस्पेंड.

आम्ही टेप, थर्मामीटर आणि वाफेचे कोष्टक घेऊन चौकशीत बसलो. इंजिनियरसाहेब म्हणाले, “पुढची झडप आवळून पाण्याची धार कमी करायला हवी होती.” पंख्याच्या पंपाला ते थोडेफार चालते. दट्ट्याचा पंप मात्र दर फेऱ्याला तेवढेच पाणी घेणार; पुढची झडप आवळली तर शोषण सुधारत नाही, उलट नळी फुटण्याचे भय. एवढे सांगितल्यावर आम्ही त्यांच्याच हाती खडू दिला आणि जमाखर्च मांडायला लावला. उत्तर शून्याखाली आले. ते भले गृहस्थ. त्यांनी ते खोडले नाही.

पंपवाला सोमवारी कामावर गेला, मागच्या पगारासकट. जुनी पुली त्याच आठवड्यात परत बसली. टाकी पंपाच्या वर चढवायला आणि नळीवर हवेचे भांडे बसवायला मात्र आम्हांला पुढच्या दिवाळीपर्यंत पत्रे लिहावी लागली.