हिवाळ्यातली छोटी ईव्ही: टक्के नाही, युनिट मोजा

मी मानवतहून बोलतोय. हेडफोन लावा, स्वेटर घाला, कारण आज विषय थंडीचा आहे.

डिसेंबर उजाडला की मला एक प्रश्न हमखास येतो: "भाऊ, थंडीत इलेक्ट्रिक गाडी चालते का?" विचारणारा बहुतेक वेळा नॉर्वेच्या बर्फातला एखादा व्हिडिओ बघून आलेला असतो. आज आपण त्याचं उत्तर परभणी जिल्ह्यातच शोधू.

पुण्या-मुंबईचे मित्र हसतात, म्हणतात, परभणीत कसली आली थंडी? त्यांच्यासाठी आकडा सांगतो. २९ डिसेंबर २०१८ ला परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात २ अंश तापमानाची नोंद झाली. त्याआधीचा नीचांक २.८ अंशांचा, १७ जानेवारी २००३ चा. समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. त्यामुळे रात्री जमीन झपाट्याने गार होते, आणि उत्तरेकडचं वारं सुटलं की मग विचारूच नका. २ अंश काही रोज होत नाही, पण ८-१० अंशांची पहाट आपल्याला नवीन नाही.

आता गाडी. आमच्या घरी छोटी इलेक्ट्रिक कार आहे, बॅटरी २४ किलोवॅट-अवरची. हा शब्द अवघड वाटत असेल तर सोडून द्या. एक किलोवॅट-अवर म्हणजे लाइट बिलावरचं एक युनिट. आमची टाकी २४ युनिटची, एवढं लक्षात ठेवा. त्यातले वापरायला २२ धरू.

गाडीचं मुख्य काम काय? आमच्या काकांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी परभणीला न्यायचं. जायला पस्तीसेक किलोमीटर, यायला तेवढेच, शहरातलं फिरणं धरून ८० किलोमीटर. सकाळी सहाला निघावं लागतं, म्हणजे दिवसातली सगळ्यात गार वेळ. डायलिसिसची पाळी चुकवून चालत नाही. त्यामुळे "बघू, पुरेल बहुतेक" असं इथे म्हणता येत नाही.

थंडीत रेंज का कमी होते? कारणं चार.

पहिलं बॅटरीचं. लिथियम-आयन बॅटरीच्या आत आयन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे द्रवातून जातात. गारठ्यात हा प्रवास संथ होतो, आतला विरोध वाढतो, थोडी ऊर्जा तिथेच उष्णता होऊन जाते. भारतातल्या बऱ्याच छोट्या गाड्यांत एलएफपी प्रकारची बॅटरी असते. ती टिकाऊ आहे, पण थंडीत जरा जास्त आळसावते. शून्याच्या खाली चार्जिंग करणं बॅटरीला खरंच घातक असतं, पण तेवढी वेळ मानवतमध्ये येत नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे हा तोटा तात्पुरता असतो. ऊन वर आलं, बॅटरी कोमट झाली की गाडी पूर्ववत.

दुसरं कारण हवा. ४० अंशांच्या हवेपेक्षा १० अंशांची हवा साधारण दहा टक्के जड असते. हायवेवर ती कापायला तेवढा जोर जास्त लागतो.

तिसरं कारण कुणाच्या ध्यानातच येत नाही: टायर. एप्रिलच्या उन्हात ३३ पीएसआय हवा भरली आणि नंतर कधी बघितलीच नाही, तर १० अंशांच्या पहाटे तीच हवा २८-२९ वर आलेली असते. टायर पंक्चर नसतो, हवा आकसलेली असते. मऊ टायर जास्त युनिट खातो. हिवाळा लागला की सकाळी, गाडी फिरवायच्या आधी हवा तपासा. रेंज वाढवायचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

चौथं कारण सगळ्यात मोठं, ते म्हणजे हीटर. पेट्रोलच्या गाडीत इंजिन तापलेलंच असतं, त्याचीच ऊब आत सोडतात, म्हणजे फुकटची. इलेक्ट्रिक मोटर तेवढी तापत नाही, म्हणून ऊब बॅटरीतून विकत घ्यावी लागते. छोट्या गाडीची खरी गोष्ट इथेच आहे. तासाभरात हीटरने दीड युनिट खाल्लं असं धरा. ७५ युनिटच्या मोठ्या एसयूव्हीसाठी ते दोन टक्के झाले. एमजी कॉमेटची बॅटरी १७.३ युनिटची, तिथे तेच जवळपास नऊ टक्के होतात. टियागो ईव्ही १९.२ आणि २४ युनिटमध्ये आली, तिथे सहा ते आठ टक्के. माणसाला ऊब तेवढीच लागते, टाकी मात्र लहान.

यावर इंटरनेटवरचा सल्ला ठरलेला असतो: हीटर बंद ठेवा, जॅकेट घाला. तुम्ही-आम्ही घालू हो, कानटोपी घालून जाऊ परभणीला. पण डायलिसिसच्या पेशंटला थंडी जास्त वाजते, हे ज्यांच्या घरी पेशंट आहे त्यांना सांगायला नको. शिवाय जानेवारीत धुकं असतं, आतून काच धुरकट होते. ती साफ करायला एसी आणि हीटर दोन्ही लागतात. समोरून उसाची ट्रॉली येत असताना रेंज वाचवायला काच धुरकट ठेवणार का? म्हणून आमच्या हिशोबात हीटर चालूच धरलेला आहे.

आता मांडा गणित. ८० किलोमीटरला साध्या दिवसात साधारण ९ युनिट. जड हवा, गार बॅटरी मिळून १ युनिट वर. सकाळचा हीटर सव्वा युनिट. परत येताना दुपार असते, तेव्हा हीटर लागत नाही. बेरीज सव्वाअकरा युनिट. २२ पैकी सव्वाअकरा, म्हणजे अर्ध्यावर भागतं. कंपनीने किती किलोमीटरचा दावा केलाय, तो आकडा आपण वापरलाच नाही, बघा. तो प्रयोगशाळेतला असतो, काका पहाटेच्या गारठ्यात बसलेले असतात.

पण आपल्याकडे रात्री लाइट जाते, कधी व्होल्टेज पडतं. समजा रात्री गाडीत ४० टक्के होते आणि पहाटेपर्यंत लाइट आलीच नाही. ४० टक्के म्हणजे नऊच्या आत युनिट. सव्वाअकरा कुठून आणणार? म्हणून आमच्या घरी नियम आहे: हिवाळ्यात डायलिसिसच्या आदल्या संध्याकाळी गाडी ६० टक्क्यांच्या खाली उभी करायची नाही. ६० टक्के म्हणजे तेरा युनिट, जाऊन-येऊन वर पावणेदोन उरतात. रात्रभर चार्जिंग झालं तर उत्तमच, नाही झालं तरी काका वेळेवर पोचतात. पंधरा अँपिअरच्या साध्या प्लगवर तासाला अडीच युनिट भरली, तरी सव्वाअकरा भरायला साडेचार तास पुरतात.

अजून दोन सवयी सांगतो. गाडी बाहेरून आली की लगेच चार्जिंगला लावा, तेव्हा बॅटरी कोमट असते. आणि तुमच्या गाडीच्या ॲपमध्ये सोय असेल, तर निघायच्या दहा मिनिटं आधी, प्लग काढायच्या आधीच हीटर चालू करा. मग पहिली ऊब घरच्या लाइटवर येते, बॅटरीतून नाही.

नॉर्वेवाले हेच करतात. तिथे २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळपास ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या. तिथल्या वाहनचालक संघटनेने २०२० मध्ये वीस गाड्या हिवाळ्यात रिकाम्या होईपर्यंत चालवल्या, तेव्हा रेंज सरासरी १८.५ टक्क्यांनी कमी भरली. म्हणजे बर्फातही गाडी अर्धी होत नाही. आपल्या ८-१० अंशांना कशाला घाबरायचं?

घाबरायचंच असेल तर मे महिन्याला घाबरा. थंडी बॅटरीकडून उसनं घेते आणि दुपारी परत करते. ऊन घेतं ते परत देत नाही. ४३-४४ अंशांत बॅटरीच्या आतल्या रासायनिक क्रिया जोरात चालतात आणि क्षमता कायमची घटत जाते. उन्हाळ्यात गाडी लिंबाखाली लावा, शंभर टक्के भरून भर उन्हात दिवसभर उभी करू नका. अर्थिंगचा खड्डा काळ्या मातीत कोरडा पडतो, त्यात पाणी टाकत जा. त्यावर सविस्तर एपिसोड उन्हाळ्यात करू.

मग छोटी ईव्ही घ्यावी का? मी हो-नाही सांगणार नाही. एक कागद घ्या. तुमची सगळ्यात वाईट पहाट डोळ्यांसमोर आणा: गारठा आहे, रात्री लाइट नव्हती, आणि गाडीत घरातलं सगळ्यात नाजूक माणूस बसलंय. त्या फेरीचे युनिट मोजा. बॅटरीच्या साठ टक्क्यांत बसले, तर बिनधास्त शोरूमला जा. नाही बसले, तर मोठी बॅटरी बघा किंवा अजून थांबा. संभाजीनगरला रोज जाऊन-येऊन करणाऱ्याचं गणित वेगळं येणार, आणि त्यात काही वावगं नाही.

तुमचं गाव आणि तुमची फेरी मला लिहून पाठवा, पुढच्या भागात दोन-तीन गणितं मिळून सोडवू. तोवर टायरची हवा बघा आणि कानटोपी विसरू नका. भेटू!