ठोक्याला ठोका

तारकचेरीची वेळ एक आणि गावाची दुसरी, हा घोळ मिटावा म्हणून न्यूझीलंडच्या वसाहत सरकारने 2 नोव्हेंबर 1868 रोजी ग्रिनिचच्या साडेअकरा तास पुढची एकच वेळ सबंध मुलखास लागू केली. त्याच मुलखात एप्रिल 2008 पासून मनोऱ्यांवरून बिनतारी येऊ लागलेल्या हाय डेफिनिशन चित्रवाणीपुढे तोच प्रश्न सेकंदाच्या सूक्ष्मांशात उभा राहतो. प्रक्षेपणाचे व घरच्या संचाचे घड्याळ सेकंदाला 2 कोटी 70 लक्ष ठोके देते. परंतु संचातील घड्याळाला ठोका देणारा स्फटिक दशलक्षात 30 ठोक्यांनी जरी मंद निघाला, तरी दिवसाकाठी अडीच सेकंदांहून अधिक चित्रे तुंबतात आणि अखेर ती साठवणारे संचातले कोठार ओसंडून काही गळतात. (जलद निघाला, तर उलट दुष्काळ!) म्हणून चित्रप्रवाहातूनच, सेकंदाच्या दहाव्या भागाहून अधिक खंड न पडू देता, मूळ घड्याळाची नोंद धाडली जाते, आणि संच तिच्याशी आपला ठोका ताडून, उडी न मारता, हळूहळू वेग सुधारतो. ऑकलंडजवळच्या वाइआटारुआ मनोऱ्यावरून रग्बी पाहणाऱ्यास चेंडूवरची लाथ दिसताक्षणीच ऐकूही येते, ती चित्र व ध्वनी या दोहोंवर याच घड्याळाने उमटवलेल्या वेळेच्या शिक्क्यांमुळे.