हाकेच्या अंतरावर

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



निमंत्रणपत्रिकेत माझ्या विषयाखाली 'शहराकडून निसर्गाकडे' असं छापलंय. छापणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. पण मी डोंबिवलीचा तिसरा मजला सोडून दापोली तालुक्यातल्या एका बैठ्या घरात गेले ती निसर्गासाठी नव्हे, संडासासाठी. भर सभेत हा शब्द उच्चारल्याबद्दल क्षमा मागत नाही, कारण तो आज पुन्हा पुन्हा येणार आहे.

मला लहानपणी पोलिओ झाला. आपल्या देशातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात आढळला, आणि मार्च 2014 मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. देश मोकळा झाला, आम्ही आहोतच. कॅलिपर आणि कुबड्यांवर मी नोकरी केली, लोकलने प्रवास केला, लिफ्ट नसलेल्या इमारतीचे तीन मजले चढले. मग पन्नाशीनंतर पाय पुन्हा ढिले पडायला लागले. याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. आजारातून वाचलेल्या चेतापेशींनी गेलेल्या पेशींचं काम वर्षानुवर्षं अंगावर घेतलेलं असतं. काही दशकांनी त्याही थकतात. 'जरा व्यायाम वाढवा' असा सल्ला देणारे भरपूर भेटतात. या दुखण्यात फाजील श्रमाने उरलेली ताकदही जाते, हे त्यांना कोण सांगणार?

चाकाची खुर्ची आली तेव्हा आम्ही आधी तळमजल्यावरचे फ्लॅट पाहिले. तळमजला म्हटलं की लोकांना वाटतं, झालं काम. पण जोत्याच्या दोन-तीन पायऱ्या असतातच. तिथे उतार करायचा म्हटलं तर एका स्कूटरची जागा जाते, आणि सोसायटीच्या सभेत स्कूटरला मत असतं. त्यापुढे बाथरूमचं दार. चौकट धरून सव्वादोन फूट, आत खुर्ची वळवायला जागा नाही. खुर्चीला जागच्या जागी फिरायला दीड मीटर व्यासाचं वर्तुळ लागतं. शहरातल्या किती न्हाणीघरांत ते बसेल, घरी गेल्यावर टेप लावून बघा.

तेव्हापासून मी घराची किंमत वेगळ्या मापाने करते. सकाळी उठल्यापासून रात्री आडवं होईपर्यंत मला किती वेळा कुणाला हाक मारावी लागते? पाणी हवं, खिडकी लावायची, संडासला जायचंय, बाहेर कोण आलंय ते बघायचंय. हाक मारणं हा अपमान नाही. पण दिवसाला दहा हाका मारणारं माणूस हळूहळू तहान मारायला शिकतं. पाणी प्यायलं की संडासला जावं लागतं, म्हणून पाणीच न पिणाऱ्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत. लघवीचा संसर्ग, मूतखडे यांचं मूळ बरेचदा या न मारलेल्या हाकेत असतं.

आता कोकणातलं घर. ते अपंगांसाठी नव्हे, पावसासाठी बांधलेलं असतं, म्हणून जोतं उंच. आमचं अडीच फूट. नियम असा, की एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार हवा. म्हणजे तीस फूट, शिवाय मधल्या वळणावर टेकायला सपाट जागा. गवंडी म्हणाला, "ताई, आठ फुटांत बसवतो. मागून ढकलणारा दणकट असला की झालं." त्याला सगळा मुद्दा एका वाक्यात कळला होता, फक्त उलटा. ढकलणारा नको, म्हणून तर तीस फूट.

दारं तीन फुटी केली. माजघर आणि पडवी यांमधला उंबरठा काढला, तेव्हा वहिनीने दोन दिवस अबोला धरला. हळदीकुंकू कुठे वाहायचं हा तिचा प्रश्न रास्त होता. आता ती चौकटीला वाहते. न्हाणीघराचं दार बाहेर उघडणारं केलं, कारण आत माणूस पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. धरायच्या दांड्यांनी मात्र घाम काढला. चिऱ्याच्या भिंतीत स्क्रू नीट धरेना. शेवटी तेवढा भाग काँक्रीटचा करून घेतला. कमोडची उंची खुर्चीच्या बैठकीएवढी ठेवली. या एका खोलीने माझ्या निम्म्या हाका वाचवल्या. बाकीचं घर, खरं सांगायचं तर, हौस आहे.

मग कायदा कुठे आहे, असं कुणी विचारेल. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 21 प्रकारची अपंगत्वं मानतो, गृहयोजनांमध्ये 5 टक्के राखीव घरं द्यायला सांगतो. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशी म्हणून ठेवून चालणार नाही, किमान निकष सक्तीचे करा. चांगलंच झालं. पण तो सगळा रोख कचेरी, स्टेशन, शाळा, दवाखाना यांवर. स्वतःच्या घराच्या न्हाणीपर्यंत कायदा येत नाही. तिथे गवंडी येतो.

फ्रान्समधल्या एका घराबद्दल मला तुम्हाला मुद्दाम सांगायचंय. बोर्दो शहरातल्या जुन्या, देखण्या घरात एक कुटुंब राहत होतं. मोटार अपघातानंतर कुटुंबप्रमुखाला खुर्ची आली आणि तेच घर तुरुंग झालं. त्यांनी शहराबाहेर टेकडीवर जागा घेतली आणि रेम कुलहास या डच वास्तुविशारदाला बोलावलं. आता कुणीही काय सांगेल? एका मजल्याचं, सोपं, सपाट घर बांधा. या गृहस्थाने नेमकं उलटं सांगितलं: मला सोपं घर नको, गुंतागुंतीचं हवं, कारण इथून पुढे हे घर हेच माझं जग असणार आहे. 1998 मध्ये घर पुरं झालं ते तीन मजल्यांचं. मधोमध तीन मीटर रुंद, साडेतीन मीटर लांब असा वरखाली होणारा चौथरा. लिफ्टची पेटी नव्हे, भिंती नसलेली अख्खी खोली, त्यावर त्यांचं टेबल. तो खाली थांबला की स्वयंपाकघराचा भाग होतो, वर गेला की शयनगृहाचा. शेजारी तिन्ही मजले उंच पुस्तकांची भिंत.

पैसा होता म्हणून झालं, हे उघड आहे. मला हेवा वाटतो तो पैशाचा नाही, मागणीचा. आपल्याकडे अपंग माणसाने घर मागताना कमी मागावं अशी अपेक्षा असते: एक खोली, एक पलंग, खिडकीपाशी. त्या गृहस्थाने तीन मजले मागितले.

आता दुसरी बाजू. हाका कमी झाल्या, पण ज्या उरल्या त्या ऐकायला कोण आहे? डोंबिवलीत भिंतीवर थाप मारली की शेजारच्या काकू येत. औषधाचं दुकान फोनवर, फिजिओथेरपिस्ट रिक्षाच्या अंतरावर. इथे बेड्यापासून, म्हणजे फाटकापासून, रस्त्यापर्यंत पाखाडी आहे, म्हणजे पायऱ्याच. मोटार अंगणात यावी म्हणून आगरातून वाट काढावी लागली, त्यात दोन पोफळी गेल्या. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. त्यानंतर वीज कित्येक दिवस नव्हती. वीज नाही म्हणजे विहिरीवरचा पंप नाही, टाकीत पाणी नाही, आणि इतकं मापून बांधलेलं न्हाणीघर कोरडं. त्या दिवसांत दादा-वहिनी कळशीने पाणी भरत होते आणि मी पुन्हा तहान मारत होते. आता पंपासाठी जनरेटर आहे, परसात हातपंप आहे. घर घेणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारते: भिंतीपलीकडे कोण राहतं? कुणी नसेल तर नका जाऊ, तीस फुटांचा उतार असला तरी.

आणि जाणार असाल, तर घर मे महिन्यात बघू नका. आंबे असतात, अंगण सारवलेलं असतं, सगळी घरं मे महिन्यात चांगलीच दिसतात. आषाढात जा, शेवाळ धरलेल्या चिऱ्यावरून स्वतः खुर्ची चालवून बघा, रात्री दिवे गेल्यावर न्हाणीपर्यंत पोचता का ते बघा. दलालाला मात्र सोबत नेऊ नका. प्रत्येक पायरीशी तो "काही नाही हो" म्हणत खुर्ची उचलतो, आणि परत येताना तुम्हाला आठवतच नाही की त्या घराला पायऱ्या होत्या.